वरून पाहिलेली वाकडी पार

समोरच्या राइस मिलच्या सिमेंटच्या अंगणात उकडलेलं धान वाळत घातलं आहे. एप्रिलची दुपार, एक वाजत आलेला, रस्त्यावर कुत्रंही नाही. धानाचा तो आंबूस, कोमट वास आणि माझ्या दुकानातल्या वार्निशचा वास एकमेकांत मिसळून नाकात बसला आहे. तीन एचपीच्या पंपाची मोटर जळून आली आहे. तिच्यासाठी मी वाइंडिंग मशीनचा दांडा फिरवते आहे आणि तारेचे वेढे तोंडानं मोजते आहे. मशीनला काउंटर आहे, पण त्याच्यावर माझा भरवसा नाही. अडतीसपर्यंत आले आणि अंगणावरून एक सावली सरकली. वर पाहिलं तर घार. पंख पसरून तसेच ठेवलेले, कुणी आभाळाला टाचून दिल्यासारखे. एक घेरा, दुसरा घेरा, दर घेऱ्याला ती थोडी लहान होत गेली आणि पंख मात्र एकदाही हलला नाही. मोजणी चुकली. वेढे उलगडून पुन्हा एकपासून सुरुवात करायची. याचा मला राग यायला हवा, पण तीन उन्हाळ्यांपासून घार दिसली की माझा हात थांबतो आणि मी त्याला थांबू देते.

मी अर्जुनी मोरगावात मोटर रिवाइंडिंगचं दुकान चालवते, दुकानामागंच घर. आयटीआयमध्ये आमच्या ट्रेडला मी एकटीच मुलगी होते. तेव्हाही लोकांना हसू यायचं. आता पन्नाशीत त्यांना हसायला दुसरं कारण मिळालं आहे. मी घरी बसून विमान उडवते. कुणी विचारलं तर मी हे लपवत नाही आणि खालच्या आवाजातही सांगत नाही. मुलगा नोकरीला पुण्याला गेला तेव्हा त्याचा मोठा कम्प्युटर मागच्या खोलीत राहिला. 'विकून टाक, आई,' म्हणाला. त्याचा पंखा घरघरत होता, म्हणून विकण्याआधी मी तो उघडला, साफ केला, बेअरिंगमध्ये तेलाचा थेंब सोडला. आता दुरुस्त झालेली कुठलीही गोष्ट लोड देऊन तपासल्याशिवाय मी गिऱ्हाइकाला देत नाही. त्या कम्प्युटरात सगळ्यात जड काम कुठलं, तर हा विमान उडवण्याचा प्रोग्रॅम. तो सुरू केला तो पंखा तपासायला. पंखा ठणठणीत निघाला. कम्प्युटर विकला गेला नाही.

मोठी विमानं मला दोन दिवसांत कंटाळवाणी वाटली. त्यात माणसानं करायचं फार कमी. मग त्या यादीत तळाशी मोटर ग्लायडर सापडलं. लांबच लांब पंख, शेजारी शेजारी दोनच माणसांची जागा, आणि पुढं एक लहानशी मोटर. मोटर लावून वर चढायचं आणि पुरेशी उंची मिळाली की ती बंद करायची. मग उरतात फक्त पंख आणि हवा. हवा वर जात असेल तर आपण वर, खाली जात असेल तर खाली. हवा कुठं कशी आहे ते सांगायला एक यंत्र असतं. ते वर जाताना टिट-टिट करतं, जितकं जोरात चढू तितका सूर उंच. खाली जाताना मात्र एक लांब, जाडा हुंकार देतं, म्हशीनं दिल्यासारखा. माझं सगळं आयुष्य बंद पडलेल्या मोटरी सुरू करण्यात गेलं आहे. चांगली चालती मोटर आपल्या हातानं बंद करावी आणि तरी पडू नये, हे मला कुणी कधी सुचवलंच नव्हतं. मी जुनी जॉयस्टिक मागवली. पायाचे पेडल भंगारातल्या शिलाई मशीनच्या लोखंडातून आणि जुन्या रेडिओच्या बटणांतून स्वतः बनवले. ते अजून चालतात.

पण मला सांगायचं आहे ते त्या पहिल्या उन्हाळ्याबद्दल, आणि माझ्या सासूबद्दल.

माझी सासू तलाव बांधणाऱ्या घराण्यातली. तिचं माहेर नवेगाव बांधच्या पलीकडं, चिचगडकडं जाताना दोन टेकड्यांच्या मध्ये बसलेलं एक लहान गाव. तिथला तलाव तिच्या वडिलांनी गावकऱ्यांना घेऊन बांधला. ती तेव्हा आठ-दहा वर्षांची, टोपल्यानं माती वाहणाऱ्यांत तीही होती. तलावाला अडवणारा मातीचा जो लांब बांध असतो त्याला आमच्याकडं पार म्हणतात. त्या तलावाची पार वाकडी आहे. एका टेकडीकडून सरळ निघते आणि मध्येच, काही कारण नसताना, कोपर दुमडावं तशी वळते. वडील पार बांधून झाल्यावर दोन वर्षांत गेले. वाक कशासाठी ठेवला ते कुणाला सांगून गेले नाहीत. ती लग्न होऊन इथं आली आणि ही पार तिच्यामागं आली. पोळी वाकडी झाली, रांगोळीची रेघ चुकली, दाराची चौकट तिरपी बसली, की माझे सासरे म्हणायचे, "वाकड्या पारीची आहे ते. सरळ कुठून येईल?" सासरे हसून म्हणायचे, सगळे हसायचे. सासरे गेले तरी वाक्य घरात राहिलं. माझ्या लग्नानंतर ते मी शंभरदा ऐकलं असेल. सासू कधी हसली नाही. तिचं उत्तर ठरलेलं होतं. "माया बापानं डोरे मिटून नाही बांधली." पण वाक का आहे ते तिलाही माहीत नव्हतं, आणि हे तिला आतून खात होतं.

मग तिचे डोळे जायला लागले. काचबिंदू. नागपूरच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की जे गेलं ते परत येणार नाही, औषधानं उरलेलं थोडं जास्त टिकेल. तिला कडेचं काही दिसेना. नळीतून पाहिल्यासारखं मधलं तेवढं दिसायचं, आणि ती नळी महिन्यामहिन्यानं बारीक होत होती.  परतीच्या गाडीत ती म्हणाली, "मले एकदा पार दाखव."

आम्ही नेलं. मी एका बाजूनं, तिच्या भावाची सून दुसऱ्या बाजूनं, असं धरून तिला पारीवर चढवलं. ती मान फिरवत राहिली. एवढंसं पाणी, मग एवढीशी माती, मग बेशरमचं एक झुडूप, मग माझा खांदा. पार अर्धा किलोमीटर लांब, तिची नळी ताटाएवढी. शेवटी ती चिडून म्हणाली, "तुकडे तुकडे दिसून राह्यले. जोडाचे कसे वो?"  उतरताना तिनं मागं वळूनही पाहिलं नाही.

त्यानंतर आठवड्याभरानं, अशाच दुपारी, मी मागच्या खोलीत उडत होते. कूलर त्याच खोलीत असल्यामुळं सासू माझ्यामागं खाटेवर पडलेली. मी नवेगावच्या मोठ्या तलावावरून चालले होते. या प्रोग्रॅमात जमिनीचे आभाळातून घेतलेले खरे फोटो असतात. आमची शेतं, रस्ते, रेल्वे, सगळं असतं. ती उठून माझ्या खुर्चीमागं आली, हे मला तिचा हात खांद्यावर पडला तेव्हा कळलं.

"हे काय व्हय?"

"नवेगावचा बांध, माय. वरून."

ती वाकली. मग तिनं पडद्यावर पंजा ठेवला आणि तो सगळा तलाव, डोंगरांसकट, तळहाताखाली झाकला. हात काढला, पुन्हा ठेवला. "आख्खा दिसून राह्यला मले," ती म्हणाली. "आख्खा."

हे मला आधी सुचायला हवं होतं. नळी मोठी करता येत नसेल तर पाहायची गोष्ट लहान करायची, आणि लहान करायची तर उंच जायचं. इतकी साधी गोष्ट डोक्यात यायला खाटेवरची म्हातारी उठून यावी लागली.

मुलाला फोन केला तर तो म्हणाला, "आई, मॅपवर बोट ठेव ना, विमान डायरेक्ट त्या तलावावरच येईल. दोन मिनिटांचं काम." सासूनं ते ऐकलं आणि तिचा चेहरा असा झाला, जणू कुणी तिला पाव्हण्यांसमोर उष्टं वाढलं. "मी काय माहेरी टपकू? जातानी रस्ता नाही लागत का?" मग तिनं स्वतःची दुसरी अट घातली. मोटर नको. "घुमून राह्यते कानात. तिच्या आवाजानं दिसत नाही मले. आन मोटरनं त कोनबी नेईल." मला दोन्ही अटी पटल्या, खरं सांगायचं तर दुसरी जास्त. ठरलं असं की प्रोग्रॅममधल्या गोंदियाजवळच्या धावपट्टीवरून मोटर लावून उडायचं, ठरावीक उंचीला ती बंद करायची, आणि तिथून तिच्या गावापर्यंत साठेक किलोमीटर बिनमोटरचं जायचं. मधे मोटर लावली तर ती फेरी बाद.

पहिल्या पाच फेऱ्या बाद झाल्या. दर वेळी मी अर्ध्या वाटेत शेतात उतरले. का, ते मला कळत नव्हतं. आता सांगायला लाज वाटत नाही. आमच्या घरांत वाट म्हणजे पाणी. कुठल्याही गावाला गेलो तरी ओटीवर बसायच्या आधी विचारतात, "यंदा तलावात किती आहे?" रस्ता सांगतानाही एका तलावापासून दुसऱ्या तलावापर्यंत सांगतात. मीही तशीच उडत होते, तलाव गाठला की पुढचा तलाव, पाण्यावर असलं की मनाला बरं. आणि पाण्यावर गेलं की यंत्राचा तो जाडा हुंकार सुरू व्हायचा आणि उंचीचा काटा ओघळायचा. मी पुस्तकात वाचलेलं होतं की गार जागेवर हवा उतरते. वाचलेलं डोक्यात होतं, पण हात पाण्याकडं वळायचा. आयुष्यभर ज्यानं जगवलं तेच मला पाडत होतं, आणि मी पुन्हा पुन्हा त्याच्याकडंच जात होते.

सासूचं लक्ष भलतीकडं. "कोठी उतरली?" ती विचारायची.

"कुणाच्या तरी धानाच्या बांधीत."

"मोकळी आहे ना? का उन्हाळी धान तुडवलं लोकांचं?"

अशात नणंद गोंदियाहून आली. ती आईला पडद्यासमोर नाक लावून बसलेली पाहून दारातच थबकली. "वहिनी, ये सब काय आहे? मायचे डोरे असे, आन तू तिले गेम खेळवून राह्यली? दिमाग ठिकाने आहे ना?"

मी म्हटलं, "डॉक्टरला विचारलं आहे. पडद्यानं काचबिंदू वाढत नाही."

"लोकं काय म्हणतील?"

"लोकांनी येऊन ड्रॉप टाकावे, दिवसातून तीनदा."

नणंद आईकडं वळली. "माय, देवाचं नाव घ्याचं वय तुयं. कायले हे खटाटोप?" आणि मग तिच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, हसतच, "त्या वाकड्या पारीसाठी?"

 सासूनं हातानं चाचपत खुर्ची माझ्या आणखी जवळ ओढली. मला आठवतं, त्या क्षणापर्यंत हा माझा छंद होता आणि ती त्यात प्रवासी होती. नणंद निघून गेल्यावर मात्र मी दुकानाची वेळ दुपारी एक ते साडेचार बंद अशी पाटीच लावली. गिऱ्हाइकं कुरकुरली, कुरकुरू द्या.

कोंडी फोडली सासूनंच. दुकानाच्या ओट्यावर बसून ती समोरच्या मिलकडं तोंड करून होती. घारीसारखी एकटी, लहान गोष्ट तिच्या नळीत नेमकी मावायची. बराच वेळ पाहून ती म्हणाली, "तू पान्याच्या मागंमागं कायले जाऊन राह्यली वो? घार तलावावर मासोळी धराले जाते, उतराले. चढाले ती इथं येते, मिलवर. जिथं पाय पोळते तिथं."

मी हातातली सोल्डरिंग गन खाली ठेवली.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही तलाव टाळले. पाय कुठं पोळतील ते सासू सांगायची. तिनं हा मुलूख अनवाणी तुडवलेला. मुरमाचे माळ, खडकाळ टेकड्यांच्या उन्हाकडच्या बाजू, गिट्टीची खदान, गावांची कौलं आणि पत्रे, मिलची अंगणं. मी फोटोत ती जागा शोधायचे आणि तिथं घेरे घ्यायचे. यंत्र टिट-टिट करायला लागलं की ती मांडीवर बोटानं ताल धरायची. महिन्याच्या शेवटी तिची नळी ताटाची वाटी झाली होती. आता घाई होती, पण दोघींपैकी कुणी तसं म्हटलं नाही.

ज्या दिवशी पोचलो त्या दिवशी शेवटच्या टेकडीआधी आम्ही पडल्यातच जमा होतो. उंची संपत आलेली, समोर डोंगराची कड आमच्याहून वर. हुंकार थांबेना. माझा हात मोटरच्या बटणावर गेला. तिला तो दिसणं शक्य नव्हतं, पण माझा श्वास ऐकू आला असावा.

"हात काढ."

"माय, पडू आपण."

"पडू. हात काढ. त्या टेकडीच्या अंगावर कारा खडक आहे, उघडा. लहानपनी तिथं पाय ठेववत नव्हता. तिकडं घे."

डोंगराच्या दिशेनं विमान नेणं हे शहाणपणाचं नव्हतं. नेलं. झाडं पंखाच्या टोकाला लागतील इतक्या जवळ आली. हुंकार तुटला. एक टिट. मग काही नाही. मग टिट-टिट, आणि मग तो सूर चढत गेला तो चढतच गेला, सात घेरे, आणि कड आमच्याखाली गेली.

पलीकडं तिचं गाव होतं. फोटो कुठल्यातरी उन्हाळ्यातला असावा. तलावाच्या पोटात थोडं पाणी, बाकी तळ तपकिरी, उघडा. सासूनं आधी नाक पुढं नेलं, मग म्हणाली, "खुर्ची मागं घे. अजून थोडी." वीतभर मागं घेतल्यावर ती थांबली. सगळं मावलं असावं. मी गोल गोल घेरे घेत राहिले.

"खडक पाह्य," ती म्हणाली.

आधी मला दिसला नाही. मग दिसला. ज्या काळ्या खडकानं आम्हाला वर उचललं होतं तोच टेकडीवरून खाली उतरत होता, जमिनीतून पाठीचा कणा वर यावा तशी एक काळी रेघ. ती तलावाशी येऊन पारीखाली शिरत होती आणि पलीकडच्या टेकडीपाशी पुन्हा बाहेर निघत होती. मध्ये जिथं ती वळली होती तिथंच पार वळली होती. पारीवर उभं राहून झुडपांत हे कुणाला दिसणार? सरळ बांधली असती तर अर्धी पार भुसभुशीत मातीवर बसली असती आणि एखाद्या पुरात गेली असती. त्या माणसाकडं ना विमान होतं ना फोटो. त्यानं पायानं आणि पहारीनं ठोकून खडक शोधला होता, आणि त्याच्या पाठीवर पार बसवली होती. वाकडी दिसेल, लोक हसतील, हे त्याला कळत नव्हतं असं थोडंच.

सासू रडली वगैरे नाही. "तुया नणंदेले फोन लाव," म्हणाली. मी लावला.

"ऐक," ती फोनमध्ये जवळजवळ ओरडली. "पार वाकडी नाही व्हय. खडक वाकडा आहे. पार त्याच्यावर बसली आहे, नीट. म्या पाह्यली. आख्खी." पलीकडून नणंद काहीतरी समजुतीचं बोलत होती. "नाही, तू कोनाले सांगू नोको. तुया बाप वरतीच गेला ना? त्याले बी दिसत असंल आता."

आणि फोन माझ्या हातात देऊन ती हसली. त्या वाक्यावर तिला हसताना मी पहिल्यांदा पाहिलं.

गेल्या दिवाळीच्या सुमारास वाटीही गेली. आता तिला उजेड-अंधार तेवढा कळतो. नणंद म्हणते, आता तरी तो कम्प्युटर काढ, मायला काय उपयोग? मुलगाही म्हणतो, नवं काहीतरी घे, आई, हा फार जुना झाला. मी काढत नाही. त्या फोटोतला उन्हाळा आता खरा राहिलेला नाही हे मला माहीत आहे. पारीवर खडी टाकून गाड्यांचा रस्ता झाला, बेशरम तोडलं, आणि एखाद्या दिवशी प्रोग्रॅमवाले फोटोही बदलतील. बदलू देत. पाहायचं ते वेळेत पाहून झालं आहे.

"मोजनं काऊन थांबलं?" आतून आवाज येतो. घार गेली तरी मी अजून वरच पाहते आहे. "घार आली का मिलवर?"

"आली होती, माय."

"मंग उठ ना."

शटर अर्धं ओढून मी आत जाते. ती आधीच तिच्या जागेवर बसली आहे, उजवीकडच्या. आजकाल जॉयस्टिक बऱ्याचदा तिच्याच हातात असते. मी फक्त दिशा सांगते, आणि तीही कमी कमी. सूर चढला की ती घेरा आवळते, उतरला की सोडते, आणि मला डोळे असून जे जमत नव्हतं ते तिला हवेच्या आवाजावर जमतं. तासाभरानं शेवटची टेकडी येते, खडक आम्हाला उचलतो, कड खाली जाते. मी मुद्दाम गप्प राहते. यंत्राचा टिट-टिट मंदावतो, थांबतो, आणि मग तो जाडा, गार हुंकार सुरू होतो.

"आला तलाव," सासू म्हणते, आणि सूर पुन्हा चढेपर्यंत बोट मांडीवर धरून ठेवते.